ऑर्कुटवर बेळगावला इंदूर भेटलं होतं

गेल्या महिन्यात इंदूरहून फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही बाबांचे ऑर्कुटवाले मित्र ना? बेळगावचे?" मी हो म्हटलं. तिचे वडील, ज्यांना मी दादा म्हणायचो, २०२१ मध्ये गेले. मुलीची विचारणा साधी होती. बाबांनी मराठीत लिहिलेलं काही तुमच्याकडे आहे का?

दादा बँकेत होते. ऑफिसचं काम हिंदी-इंग्रजीत, घरात बोलणं मराठीत, पण मराठी लिहायची वेळ फारशी यायची नाही. त्यांनी मराठीत जे काही लिहिलं ते जवळपास सगळं २००६ ते २०१० या काळात ऑर्कुटवर लिहिलं. म्हणजे आता ते कुठेच नाही. "बघतो, शोधतो," असं मी म्हणालो. फोन ठेवला आणि थोडा वेळ तसाच बसलो, कारण शोधायला जागाच उरलेली नाही हे मला माहीत होतं.

आमच्या वाचकांत चाळिशीतले बरेच आहेत, त्यांना ऑर्कुट म्हटलं की लगेच निळा-जांभळा पडदा आठवतो. पंचविशीच्या आतल्यांना मात्र सांगावं लागेल. ऑर्कुट ब्युकोक्तेन नावाच्या तुर्की इंजिनिअरने गुगलमध्ये नोकरीला असताना हे संकेतस्थळ बनवलं आणि जानेवारी २००४ मध्ये ते सुरू झालं. नाव त्याच्याच नावावरून. अमेरिकेत ते फारसं चाललं नाही. चाललं ते दोन देशांत, ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे. २००८ मध्ये तर गुगलने ऑर्कुटचा कारभारच ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहरातल्या ऑफिसकडे सोपवला.

योगायोग असा की त्याच २००४ साली महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर सुप्रीम कोर्टात दावा दाखल केला. ऑर्कुट आलं, गाजलं, बंद पडलं, त्यालाही दहा वर्षं उलटून गेली. दावा अजून आहे.

सुरुवातीला ऑर्कुटवर जायला निमंत्रण लागायचं. आत असलेल्या कुणीतरी तुम्हाला बोलवायचं, मग तुम्ही आत. त्यामुळे निमंत्रणाला भाव होता. मला ते पुण्यात नोकरीला गेलेल्या वर्गमित्राकडून मिळालं. मी तेव्हा बी.कॉम. होऊन एका सीएंच्या ऑफिसात टॅली मारत होतो आणि संध्याकाळी टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत जायचो. तासाला पंधरा रुपये. प्लायवूडचे कप्पे, पुढे पडदा, आत पंखा नाही. कर्नाटकात सायबर कॅफेंसाठी २००४ मध्येच नियम झाले होते, त्यामुळे वहीत नाव, पत्ता, आत गेल्याची वेळ लिहावी लागायची. कॅफेवाले अण्णा कन्नडभाषक, आमच्याशी मराठीत बोलायचे आणि तास संपत आला की पडद्यावर टकटक करायचे. ऑर्कुट मधूनच बंद पडायचं आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ यायची, 'बॅड, बॅड सर्व्हर. नो डोनट फॉर यू.' सर्व्हर वाईट वागला म्हणून त्याला डोनट मिळणार नाही, असा तो विनोद. डोनट हा काय पदार्थ असतो ते तेव्हा आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. अण्णांनी एकदा विचारलं, "काय लिहिलंय ते?" मी म्हटलं, "साहेब जेवायला गेलेत." त्यांनी त्या पाच मिनिटांचे पैसे काही कमी केले नाहीत.

स्क्रॅप, टेस्टिमोनियल आणि चोरून वाचणं

ऑर्कुट आतून कसं चालायचं ते समजल्याशिवाय लोक त्याची आठवण का काढतात ते कळत नाही.

प्रत्येकाची एक स्क्रॅपबुक असायची. म्हणजे घराबाहेरची भिंतच. तुम्ही मित्राच्या भिंतीवर लिहायचं, तो उत्तर तुमच्या भिंतीवर लिहायचा. त्यामुळे दोघांचं संभाषण वाचायचं तर तिसऱ्या माणसाला दोन भिंती शेजारी-शेजारी उघडून, एकीवरचा प्रश्न आणि दुसरीवरचं उत्तर असं जुळवत बसावं लागायचं. आणि लोक ते बसून करायचे! सुरुवातीची काही वर्षं स्क्रॅप सगळ्यांना दिसत, कुलूप लावायची सोय पुढे आली. कॉलेजातल्या किती जोड्या अशा जुळवाजुळवीतून गावाला कळल्या त्याची गणती नाही. नंतर एक सोय आली, तुमचं प्रोफाइल कुणी कुणी बघितलं ते दिसायला लागलं. त्या दिवशी बऱ्याच जणांची झोप उडाली असणार.

टेस्टिमोनियल म्हणजे मित्राने तुमच्याबद्दल लिहिलेले चार शब्द. ते तुम्ही मंजूर केले तरच प्रोफाइलवर दिसायचे. लोकांनी त्यातून वेगळाच मार्ग काढला. मंजूर होईपर्यंत मजकूर फक्त तुम्हालाच दिसतो, म्हणजे ही बिनबोभाट निरोपाची सोय झाली. शेवटी एक ओळ टाकायची, 'हे अॅक्सेप्ट करू नको.' काही भोळ्या जिवांनी ते अॅक्सेप्ट केलं. त्याची कहाणी वेगळी.

शिवाय मित्राला गुण द्यायची पद्धत होती. विश्वासू असेल तर हसरा चेहरा, 'कूल' असेल तर बर्फाचा खडा, आणि तिसरी गोष्ट असेल तर बदाम. किती चेहरे, किती खडे, किती बदाम ते प्रोफाइलवर दिसायचं. आज ऐकायला पोरकट वाटेल. पण पंचवीस वर्षांच्या, टॅली मारणाऱ्या, गावाबाहेर फारसं न गेलेल्या पोराला कुणीतरी 'विश्वासू' म्हटलंय हे रोज पडद्यावर दिसणं ही लहान गोष्ट नव्हती.

पण सीमाभागातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला ऑर्कुटने खरं काय दिलं, तर कम्युनिटी.

ओळख नसलेल्यांची ओळख

कम्युनिटी म्हणजे विषयावर जमलेली मंडळी. आजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला कुणीतरी तुम्हाला जोडावं लागतं, किंवा लिंक पाठवावी लागते. म्हणजे ज्यांचा आपल्याशी कुठूनतरी संबंध आहे अशांपर्यंतच आपण पोचतो. ऑर्कुटवर उलट होतं. शोधाच्या चौकटीत 'मराठी' किंवा 'इंदूर' टाकलं की त्या नावाच्या सगळ्या कम्युनिटी समोर यायच्या. बहुतेक उघड्या. आत जायचं, वाचायचं, पटलं तर लिहायचं. कुणाची ओळख लागत नसे.

मी असाच एका संध्याकाळी महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी लोकांच्या कम्युनिटीत शिरलो. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की महाराष्ट्राबाहेरचा मराठी म्हणजे आम्हीच. बेळगाव, खानापूर, निपाणी, फार तर बिदर-भालकी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा ही नावं इतिहासाच्या पुस्तकातली. होळकर, शिंदे, गायकवाड. त्यांच्या मागून गेलेली माणसं अजून तिथे आहेत, घरी मराठी बोलतात, गणपती बसवतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्यातलं एकही माणूस मला माहीत नव्हतं.

तिथे दादा भेटले. त्यांचे पणजोबा होळकरांच्या नोकरीत इंदूरला आलेले, मग तिथलेच झाले. त्यांच्या मराठीत 'काय करून राहिलाय' असं यायचं, माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'की'. सांग की, ये की, बघू की. बडोद्याच्या एका बाई होत्या, त्यांची मराठी मधूनच गुजरातीकडे झुकायची. हैदराबादचे एक निवृत्त शिक्षक सगळ्यांचं शुद्धलेखन दुरुस्त करायचे आणि सगळे त्यांच्यावर वैतागायचे. गोव्याचे दोघे होते, ते आपसातच मराठी की कोकणी यावर भांडत. गोव्यात १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात वापराची मुभा मिळाली, हे सगळं मी त्या भांडणातून शिकलो, पुस्तकातून नाही.

आम्ही सुरुवातीला रोमन लिपीत लिहायचो. पुढे स्क्रॅपच्या चौकटीतच सोय आली. इंग्रजी अक्षरांत टाइप करून स्पेस दाबली की शब्द देवनागरीत. 'ळ' साठी कॅपिटल एल दाबावं लागे, ते विसरलं की बेळगावचं 'बेलगाव' व्हायचं. कन्नड शाळेत शिकलेल्या आमच्याकडच्या काही पोरांनी आयुष्यातलं पहिलं मराठी वाक्य तिथे लिहिलं, हे मी स्वतः पाहिलंय. दादांचंही तसंच. त्यांचं शिक्षण हिंदीत. त्यांनी मला लिहिलेल्या पहिल्या देवनागरी स्क्रॅपमध्ये ऱ्हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका होत्या की हैदराबादच्या गुरुजींनी माझ्या भिंतीवर येऊन त्या सुधारल्या.

एक वाद मात्र माझ्या कायम लक्षात राहिला. मी सीमाप्रश्नावर तावातावाने काहीतरी लिहिलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं होतं की तुम्हा लोकांची मागणी राज्य बदलण्याची आहे, आम्हाला राज्य बदलायचंच नाही, आम्हाला इंदुरातच राहून मुलीला मराठी वाचता यावं एवढंच हवंय, आणि तेही जमत नाहीये. मला राग आला होता. दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग कळलं की आपल्याकडे निदान मराठी शाळा आहेत, मराठी वर्तमानपत्रं आहेत, आंदोलन करायला माणसं आहेत. त्यांच्याकडे घर होतं आणि घराबाहेर हिंदी. त्यांच्यासारख्या माणसाला मराठीत लिहायला, उत्तर मिळवायला जी जागा हवी होती ती त्या काळात एका अमेरिकन कंपनीच्या सर्व्हरवर मिळाली.

सगळं गोडच होतं असं सांगितलं तर खोटं होईल. ऑर्कुटवर द्वेषाच्या कम्युनिटी होत्या, खोटी प्रोफाइलं होती, मराठी-कन्नड शिवीगाळ तर रोजची. २००७ मध्ये मुंबई-ठाण्याकडे ऑर्कुटवरच्या मजकुरावरून सायबर कॅफेंची तोडफोड झाली. त्याच वर्षी छत्रपती शिवाजी महाराजांबद्दलच्या बदनामीकारक मजकुरावरून पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला अटक केली. तो सुमारे पन्नास दिवस कोठडीत राहिला, आणि मग उघड झालं की इंटरनेट कंपनीने पोलिसांना पुरवलेली माहितीच चुकीची होती, भलताच माणूस आत गेला होता. ती बातमी वाचल्यावर आमच्या अण्णांनी वहीत सही घ्यायला सुरुवात केली. एखाद्या सायबर कॅफेत बसून कुणी काय लिहील आणि त्याचं बालंट कुणावर येईल याची धास्ती आमच्यासारख्या सीमेवरच्या गावाला जास्तच होती.

बाजार उठला

ऑर्कुट का संपलं याची कारणं बरीच सांगतात. मला कॉमर्सवाल्याला त्यातली दोन पटतात.

पहिलं असं की ऑर्कुटवर तुम्हाला प्रत्येकाच्या दारात जावं लागायचं. मित्राचं काय चाललंय हे बघायला त्याचं प्रोफाइल उघडा, त्याची भिंत वाचा. फेसबुकने सगळ्यांच्या बातम्या एकाच पानावर तुमच्यापुढे आणून ओतल्या. फेसबुक २००६ च्या सप्टेंबरात सगळ्यांसाठी खुलं झालं होतं, आपल्याकडे जोर धरायला आणखी दोन-तीन वर्षं लागली. दुसरं कारण आठवडी बाजाराचं. बाजार भरतो तो गिऱ्हाइकं येतात म्हणून, आणि गिऱ्हाइकं येतात ती बाजार भरतो म्हणून. चार मोठे व्यापारी पलीकडच्या गावात बसायला लागले की पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकं तिकडे वळतात, आणि मग उरलेले व्यापारीही. जागेत काही वाईट नसतं, तरी ती ओस पडते. कॉमस्कोर या मोजणी करणाऱ्या कंपनीच्या आकड्यांनुसार जुलै २०१० मध्ये भारतात फेसबुकला २ कोटी ९ लाख लोकांनी भेट दिली, ऑर्कुटला १ कोटी ९९ लाख. फरक फक्त दहा लाखांचा. पण वर्षभरात फेसबुकची वाढ १७९ टक्के होती आणि ऑर्कुटची १६. ज्याने ताळेबंद वाचलाय त्याला पुढचं सांगायला नको.

आमच्या कम्युनिटीतले एकेक जण गेले. कुणी निरोप घेतला नाही. बडोद्याच्या बाई फेसबुकवर सापडल्या, हैदराबादचे गुरुजी सापडले नाहीत. कम्युनिटीत शेवटी शेवटी लॉटरी आणि औषधांच्या जाहिराती येत राहिल्या.

३० जून २०१४ ला गुगलने जाहीर केलं की ३० सप्टेंबरला ऑर्कुट बंद होणार. युट्यूब, ब्लॉगर आणि गुगल प्लस यांची वाढ ऑर्कुटपेक्षा जास्त झाली असं कारण दिलं होतं. (त्यातलं गुगल प्लस सामान्य लोकांसाठी एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं.) ऑर्कुट गेल्यावर महिन्याभरात, १ नोव्हेंबर २०१४ ला, आमच्या शहराचं सरकारी नाव बेलगामचं बेळगावी झालं. ज्या प्रोफाइलवर मी शहर 'बेलगाम' लिहिलं होतं ते प्रोफाइलही गेलं आणि ते नावही.

गुगलने लोकांना तसं वाऱ्यावर सोडलं नव्हतं, हे सांगायला हवं. टेकआउट नावाच्या सोयीतून आपलं प्रोफाइल, फोटो, कम्युनिटीतलं लिखाण उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती. सार्वजनिक कम्युनिटी वाचण्यापुरत्या काही काळ ठेवल्याही होत्या, आता त्या उघडत नाहीत. मी काही उतरवून घेतलं नाही. तेव्हा वाटलं, त्यात काय आहे, हाय-हॅलो तर आहे. दोन वर्षांत एक रविवार मला सापडला नाही. दादा तेव्हा होते, व्हॉट्सअॅपवर दिवाळीला शुभेच्छांचं चित्र पाठवायचे. म्हणजे आमचं लिहिणं तोपर्यंत थांबलंच होतं. चित्रं पुढे ढकलणं सुरू झालं होतं.

२०२२ मध्ये ऑर्कुट डॉट कॉम पुन्हा उघडलं आणि त्यावर संस्थापकाचं पत्र आलं, तेव्हा आमच्या पिढीच्या लोकांनी ते एकमेकांना धडाधड पाठवलं. काही जणांना वाटलं जुने स्क्रॅप परत दिसतील. पत्रात नवं काहीतरी बनवत असल्याचं होतं, जुनं परत येण्याचं नव्हतं.

मराठी माणसांनी स्वतः चालवलेली संकेतस्थळंही होती. मायबोली १९९६ पासून आहे आणि आजही आहे, तिथलं जुनं लिखाण आजही वाचता येतं. आम्ही तिकडे का नाही गेलो असं मला आता वाटतं. खरं उत्तर असं की तिथे लोक नीट लिहायचे. आम्हाला नीट लिहिता येत नव्हतं. ऑर्कुटवर 'काय की रे' एवढंच लिहिलं तरी चालायचं.

या फोननंतर मी एक काम केलं, तुम्हालाही सांगतो. फेसबुकच्या सेटिंगमध्ये आपली माहिती उतरवून घ्यायची सोय आहे. व्हॉट्सअॅपवर एखाद्या माणसाशी झालेलं बोलणं 'एक्सपोर्ट चॅट' करून स्वतःच्या मेलवर पाठवता येतं. अर्ध्या तासाचं काम. ज्यांनी आपल्याला मराठीत लिहिलंय त्यांच्यापासून मी सुरुवात केली. माझ्या आत्याचे व्हॉइस मेसेजही त्यात उतरले, ते मी कधी ऐकलेच नव्हते.

आणि शोधताना एक कागद सापडला. २००९ मध्ये मी पुण्याहून रेल्वेने इंदूरला गेलो होतो, दादांच्या घरी. घर कसं सापडेल ते त्यांनी स्क्रॅपमध्ये लिहून पाठवलं होतं आणि मी अण्णांकडून त्याची प्रिंट काढून घेतली होती. दोन पानं, चार रुपये. ती जुन्या फाइलमध्ये एलआयसीच्या पावत्यांच्या मागे होती. स्टेशनवरून रिक्षा कुठे करायची, किती पैसे द्यायचे, कोणत्या वळणावर पोह्यांची गाडी लागते, आणि सकाळी आलात तर तिथे खाऊ नका, घरी पोहे-जिलेबी तयार आहे. खाली, 'बेलगावचा कुंदा आणायला विसरू नका. लवकर या की.'

फोटो काढून मुलीला पाठवला. बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्याच दिसत होत्या. रात्री तिचा मेसेज आला, रोमन लिपीत. आईने दोनदा वाचून घेतलं, असं होतं. आणि खाली प्रश्न, "बाबा 'या की' असं लिहायचे? घरी कधीच असं नाही म्हणाले."

मी लिहिलं, ते आमच्याकडचं आहे.